कोणाचा बैल घेतला? सत्ता, लाच आणि पवित्र शास्त्र : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाना पेठेत दर गुरुवारी संध्याकाळी आमचा अभ्यासगट बसतो. बारा-पंधरा माणसं, एक जुनी पेटी, आणि चहा उकळायच्या आत प्रार्थना संपली पाहिजे असा अलिखित नियम. मी जन्मभर बँकेत ऑडिट केलं. ‘हिशोब’ हा शब्द ऐकला की माझे कान टवकारतात, हे आधीच कबूल करतो. सत्ता आणि भ्रष्टाचार यावर आमच्याकडे तेच तेच प्रश्न फिरून येतात. कधी महापालिकेच्या निवडणुकीच्या तोंडावर, कधी मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कमिटीच्या निवडणुकीनंतर. दुसऱ्या वेळी आवाज जास्त चढतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. अध्याय-वचनं दिली आहेत, ती ताडून पाहावीत. माझ्या शब्दावर जाऊ नये.

बायबल अध्यात्माचं पुस्तक. त्यात राजकारण कशाला शोधायचं?

शोधावं लागत नाही. इस्राएलात राजेशाही आली तीच मुळी लाचेच्या प्रकरणातून. लोकांचे न्यायनिवाडे करणारा संदेष्टा शमुवेल म्हातारा झाला तेव्हा त्याने योएल आणि अबीया या आपल्या मुलांना बैर-शेबा इथे न्याय करायला बसवलं. मुलं पैशाच्या मागे लागली, लाच खाऊन निकाल फिरवू लागली (१ शमुवेल ८:१-३). वैतागलेले वडीलजन शमुवेलाकडे आले आणि म्हणाले, आम्हाला इतर राष्ट्रांसारखा राजा दे. तक्रार खरी होती, औषध चुकलं.

यात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. त्या मुलांना नेमलं कोणी? शमुवेलानेच. एवढा सरळ माणूस, पण घरच्यांपाशी त्याची नजर अधू झाली. शास्त्र ते झाकून ठेवत नाही.

देवाने मग राजा द्यायला आढेवेढे का घेतले?

आढेवेढे नाही, आधी अटी वाचून दाखवल्या. शमुवेलाने लोकांना राजाचा रिवाज सांगितला (१ शमुवेल ८:११-१७). तो तुमचे मुलगे घेईल, रथांपुढे धावायला लावील. मुली घेईल, स्वयंपाकाला आणि भट्टीवर ठेवील. उत्तम शेतं, द्राक्षमळे, जैतुनाच्या बागा घेईल आणि आपल्या चाकरांना वाटून टाकील. धान्याचा दहावा हिस्सा घेईल, गडी घेईल, गाढवं घेईल, शेरडामेंढरांचा दहावा हिस्सा घेईल. चौथाईचा इतिहास शाळेत पाठ केलेल्या आपल्याला दहावा हिस्सा किरकोळ वाटेल, पण यादी शेवटपर्यंत वाचा: सरतेशेवटी तुम्ही स्वतःच त्याचे दास व्हाल.

‘घेईल’ हे क्रियापद हाताशी ठेवा. पुढे ते सारखं लागणार आहे.

चांगला पुढारी कसा ओळखायचा? काही निकष दिले आहेत का?

दिले आहेत आणि ते चमत्कारिकरीत्या व्यवहारी आहेत. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच निवाडे करत बसलेला पाहून त्याचा सासरा इथ्रो म्हणाला, अशाने तूही झिजशील आणि लोकही. माणसं नेम. कशी? कर्तबगार, देवाला भिणारी, सत्यप्रिय आणि लाचेचा तिटकारा असलेली (निर्गम १८:२१). लाच न घेणारी म्हटलेलं नाही, तिटकारा असलेली म्हटलं आहे. संधी नाही म्हणून न घेणारे आपण सगळेच असतो.

राजासाठी वेगळे नियम अनुवाद १७ मध्ये आहेत. त्याने फार घोडे बाळगू नयेत, फार बायका करू नयेत, सोनंरुपं फार साठवू नये. आणि नियमशास्त्राची, म्हणजे मोशेच्या कायद्याची, एक प्रत स्वतः लिहून काढून ती रोज वाचावी, म्हणजे आपल्या भाऊबंदांपेक्षा आपण वरचढ आहोत असं त्याच्या मनात येणार नाही. आता हे नियम मनात ठेवून शलमोन राजाची गोष्ट वाचा. १४०० रथ आणि १२,००० स्वार. घोडे मिसर देशातून, जिथून आणू नयेत असं स्पष्ट सांगितलं होतं तिथूनच. एका वर्षात आलेलं सोनं ६६६ किक्कार (हे तेव्हाचं वजन). राण्या ७००, उपपत्नी ३०० (१ राजे १० आणि ११). एकेक आकडा म्हणजे एकेका कलमाचा भंग. संडे स्कूलमध्ये आपण हे सगळं वैभव म्हणून शिकलो! त्याच्या मुलाच्या, रहबामाच्या, काळात लोक म्हणाले, तुझ्या बापाने घातलेलं जू थोडं हलकं कर. त्याने उत्तर दिलं, माझ्या बापाने जू जड केलं, मी ते आणखी जड करीन. बारापैकी दहा वंश उठून गेले.

पण मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो १ शमुवेल १२:३. शमुवेल कारभारातून मोकळा होतो तेव्हा सगळ्या लोकांसमोर उभा राहतो आणि विचारतो: मी कोणाचा बैल घेतला? कोणाचं गाढव घेतलं? कोणाला लुबाडलं, कोणावर जुलूम केला? कोणाच्या हातून लाच घेऊन डोळ्यांवर कातडं ओढलं? सांगा, मी परत करतो. लोक म्हणतात, कोणाचं काही घेतलं नाहीस. मुलांच्या बाबतीत चुकलेला हा म्हातारा स्वतःचं दप्तर मात्र उघडं ठेवून बाजूला होतो. निवृत्तीच्या समारंभात शाल-श्रीफळ घेण्याआधी हा एक प्रश्न विचारायची पद्धत आपल्याकडे पडली तर समारंभ बरेच आटोपशीर होतील.

देवाच्या घरात भ्रष्टाचार कसा काय होऊ शकतो?

स्वयंपाकघरापासून सुरू होतो. शिलो इथे एली याजक होता, त्याचे मुलगे हफनी आणि फिनहास. कोणी यज्ञ केला आणि मांस शिजत असलं की याजकाचा चाकर तीन दातांचा काटा घेऊन येई, तो हंड्यात खुपसे, आणि काट्याला जे लागेल ते याजकाचं. पुढे त्यांना शिजलेलंही नको झालं. चरबीचा होम व्हायच्या आधी कच्चंच मांस हवं. माणूस म्हणे, आधी देवाचा वाटा तर होऊ द्या. चाकर म्हणे, आत्ताच दे, नाहीतर बळजबरीने घेईन (१ शमुवेल २:१३-१६). दर्शनमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या, दारापाशी सेवा करणाऱ्या स्त्रियांशीही हे दोघे कुकर्म करत (२:२२). कुंपणच शेत खात होतं.

एलीने मुलांना बोल लावले, पण आवरलं नाही. देवाचा आरोप त्याच्यावर नेमका तोच आहे (३:१३). आणखी एक आरोप आहे, तो लोक वाचताना पुढे जातात: अर्पणांतला उत्तम भाग खाऊन तुम्ही लठ्ठ झालात (२:२९). ‘तुम्ही’ म्हणजे एलीसुद्धा. पुढे चौथ्या अध्यायात तो आसनावरून मागे पडून मान मोडून मरतो, तिथे लेखकाने नोंद केली आहे की तो वृद्ध आणि जड होता. मुलांना रागावणारा बाप त्याच मांसावर जेवत होता.

नाबोथाच्या मळ्याची गोष्ट एवढी महत्त्वाची का मानतात?

कारण तिथे सगळे कागद बरोबर आहेत.

अहाब राजाला राजवाड्याशेजारची जागा भाजीच्या मळ्यासाठी हवी होती. त्याने मोबदला वाजवी देऊ केला: याहून चांगला मळा घे किंवा रोख रुपं घे. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांचं वतन मी देणार नाही (१ राजे २१:३). ‘वतन’ हा शब्द मराठी शास्त्रात आला आणि गोष्ट एकदम आपल्या मातीत उतरली. इस्राएलात जमीन कायमची विकायची नव्हती, कारण ती देवाची (लेवीय २५:२३). नाबोथ भाव वाढवत नव्हता, तो कायदा पाळत होता.

राजा रुसून, तोंड फिरवून, न जेवता निजला. राणी ईजबेल म्हणाली, राज्य तुमचंच ना? उठा, जेवा, मळा मी देते. तिने राजाच्या नावाने पत्रं लिहिली, राजाची मोहर केली आणि नाबोथाच्या गावच्या वडीलजनांना धाडली. उपास जाहीर करा. नाबोथाला मानाच्या जागी बसवा. समोर दोन हलकट माणसं बसवा, त्यांनी साक्ष द्यावी की याने देवाला आणि राजाला शिव्याशाप दिले. मग बाहेर नेऊन दगडमार करा. बघा, धार्मिक उपास आहे, सभा आहे, नियमशास्त्राला लागतात तेवढे दोन साक्षीदार आहेत, ठरलेली शिक्षा आहे. न्यायाची सगळी भांडी मांडली आहेत, फक्त न्याय नाही.

आणि त्या गावातल्या एकाही वडीलधाऱ्याने पत्र परत पाठवलं नाही. मला ईजबेलीपेक्षा या लोकांची जास्त भीती वाटते. ईजबेली कमी असतात. मोहर बघून सही करणारे पुष्कळ. अहाबानेही एकदासुद्धा विचारलं नाही की मळा मिळाला कसा. तो नुसता ताबा घ्यायला गेला. तिथे एलीया संदेष्टा उभा होता: खून केलास आणि वर ताबाही घेतलास?

हा अध्याय वाचला त्या दिवशी मुळशीकडचे एक काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, आमच्याकडे दगड मारत नाहीत, कुलमुखत्यारपत्र करून घेतात.

राजाला त्याच्या तोंडावर बोलणारा कोणी असतो का?

पुण्याच्या माणसाला यासाठी फार लांब जायला नको. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. चुलते रघुनाथराव गादीवर बसू पाहत होते. रामशास्त्री प्रभुण्यांनी त्यांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पुणं सोडलं. ही गोष्ट आपल्या हाडीमाशी आहे. तिच्यामुळे नाथान संदेष्ट्याची गोष्ट आपल्याला लवकर कळते, असं माझं मत आहे.

दावीद राजाने गच्चीवरून बथशेबेला पाहिलं, माणसं पाठवली आणि तिला आणवलं. मूळ इब्री (हिब्रू) भाषेत इथे पुन्हा तेच ‘घेतलं’ आहे. तिला दिवस गेले. नवरा उरीया रणांगणावर. त्याला बोलावून घरी धाडायचा डाव फसला, तेव्हा दावीदाने सेनापती यवाबाला पत्र लिहिलं: उरीयाला लढाई घनघोर असेल तिथे पुढे ठेवा आणि मागे सरा, म्हणजे तो मरेल. पत्र नेलं उरीयानेच, स्वतःच्या हाताने (२ शमुवेल ११:१४-१५). ‘ध’चा ‘मा’ ही आपल्याकडची आख्यायिका. या पत्रात मात्र एकही अक्षर बदलावं लागलं नाही. सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं.

नाथानाने आरोपपत्र वाचलं नाही. गोष्ट सांगितली: श्रीमंताकडे गुरंमेंढरं पुष्कळ, गरिबाकडे एकच मेंढी, पोटच्या मुलीसारखी वाढवलेली. पाहुणा आला, तर श्रीमंताने आपल्यातलं एकही जनावर न मारता त्या गरिबाची मेंढी घेतली. दावीद संतापला: असा माणूस मेलाच पाहिजे! नाथान म्हणाला, तो मनुष्य तूच आहेस.

दोन गोष्टींत फरकही आहे. रामशास्त्री न्यायाधीश होते, पदाचं बळ थोडं तरी पाठीशी होतं. नाथानाकडे पद नव्हतं. आणि दावीदाने मान खाली घातली, ती रघुनाथरावांनी घातली नाही. पण दावीदाला क्षमा मिळाली म्हणून परिणाम टळले नाहीत. तलवार त्याच्या घरातून कधी गेली नाही.

‘देवाच्या अभिषिक्ताला हात लावू नका’ असं वचन आहे ना? मग पुढाऱ्यावर टीका कशी करायची?

हे वचन सर्वांत जास्त कोणाच्या तोंडी ऐकू येतं, हे लक्षात आलंय का? ज्यांच्याकडे कोणी हिशोब मागितलेला असतो त्यांच्या.

स्तोत्र १०५:१५ नीट वाचा, मागच्या दोन-तीन वचनांसकट. तिथे ‘अभिषिक्त’, म्हणजे देवाने नेमलेले, कोण? अब्राहाम, इसहाक, याकोब: संख्येने थोडे, परदेशात उपरे, या राज्यातून त्या राज्यात भटकणारे. आणि ‘हात लावू नका’ हे बजावलं आहे राजांना. म्हणजे बलवंतापासून दुबळ्याला वाचवणारं वचन आपण उलटं फिरवून बलवंताच्या हाती ढाल म्हणून देतो.

दुसरं उदाहरण दावीद आणि त्याच्या जिवावर उठलेला शौल राजा यांचं. गुहेत शौल तावडीत सापडला तरी दावीदाने त्याला मारलं नाही, कारण तो अभिषिक्त. बरोबर. पण त्याच अध्यायात (१ शमुवेल २४) तो बाहेर येऊन, शौलाच्या माणसांदेखत, मोठ्याने सांगतो की तू माझ्यावर अन्याय करतो आहेस, परमेश्वर आपला न्याय करो. शिवाय तो शौलाच्या भाल्याच्या टप्प्यात परत गेला नाही. हात न उचलणं वेगळं आणि तोंड शिवणं वेगळं.

रोमकरांस १३ मध्ये अधिकाऱ्यांच्या अधीन राहा म्हटलं आहे. विषय संपला नाही का?

प्रेषित पौलाने हे पत्र लिहिलं तेव्हा रोममध्ये नीरो गादीवर होता, म्हणजे अधिकारी कसे असतात याबद्दल पौल भोळा नव्हता. तिथे तो अधिकार कशासाठी आहे ते सांगतो: चांगलं करणाऱ्याच्या भल्यासाठी, वाईट करणाऱ्याला धाक म्हणून. कर भरा, मान द्या. हे सगळं मान्य.

आता हाच पौल काय करत होता ते पाहा. फिलिप्पै इथे त्याला चौकशीशिवाय फटके मारून तुरुंगात टाकलं. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप धाडला, गुपचूप निघून जा. पौल म्हणाला, आम्ही रोमन नागरिक. उघडपणे मारलंत आणि आता गुपचूप काढता? त्यांनी स्वतः यावं आणि बाहेर न्यावं (प्रेषितांची कृत्ये १६:३७). ते आले, विनवण्या केल्या. पुढे सुभेदार फेस्तापुढे त्याने सरळ कैसराकडे, म्हणजे रोमच्या सम्राटाकडे, दाद मागितली. अधीन राहणारा माणूस प्रक्रिया मागू शकतो, अपील करू शकतो, माफी मागायला लावू शकतो. आजच्या भाषेत माहितीचा अधिकार, तक्रार, न्यायालय.

आणि आज्ञाच देवाविरुद्ध असेल तर? फारोने इब्री मुलगे जन्मताच मारायला सांगितले तेव्हा शिप्रा आणि पुवा या सुइणींनी ते केलं नाही. फारोचं नाव निर्गमाच्या त्या अध्यायात नाही, सुइणींची आहेत. पेत्राचं वाक्य सर्वांना पाठ आहे: माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे (प्रेषितांची कृत्ये ५:२९).

लाच घेणं पाप, हे कळलं. पण काम अडलं आणि द्यावी लागली तर?

सर्वाधिक विचारला जाणारा आणि सर्वाधिक हळू आवाजात विचारला जाणारा प्रश्न.

नियमशास्त्राचा मारा मुख्यतः घेणाऱ्यावर आहे: लाच डोळसांना आंधळं करते (निर्गम २३:८). माझ्या मते दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. हक्काचं काम कोणी अडवून पैसे उकळतो, तेव्हा तुम्ही लुबाडले जात असता. पण रांगेत पुढे जायला, नकाशात न बसणारा मजला बसवायला, दुसऱ्याचं टेंडर पाडायला पैसे दिले तर तुम्ही देणारे नसता. तुम्हीही कोणाचा तरी बैल घेतलेला असतो.

पहिल्या प्रकारातही वाट आहे, फक्त ती लांब आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार लाच देणं हाही गुन्हा आहे. मात्र बळजबरीने द्यावी लागली आणि ७ दिवसांत तक्रार केली तर सुटका आहे. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे. पैसे देण्याआधीच तक्रार करणं सर्वांत बरं.

किंमत मोजावी लागत नाही असं कोणी सांगू नये. फेलिक्स सुभेदार पौलाला पुन्हा पुन्हा बोलावून गप्पा मारायचा, कारण त्याला पैशाची आशा होती (प्रेषितांची कृत्ये २४:२६). पौलाने दिले नाहीत. दोन वर्षं कैसरियात कोठडीत गेली.

सरकारी नोकरीत राहून प्रामाणिक राहता येतं का, की नोकरी सोडावी?

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला जकातदारांनी आणि शिपायांनी हेच विचारलं. तो नोकरी सोडा म्हणाला नाही. ठरलं आहे त्यापेक्षा जास्त घेऊ नका. कोणाला धमकावून, खोटे आळ घेऊन उकळू नका. पगारात भागवा (लूक ३:१२-१४). तिसरी सूचना सगळ्यांना अवघड जाते.

मंडळीचा हिशोब मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं नाही का?

एकदा एका मंडळीत मी सुगीच्या सणाच्या खर्चाची बिलं मागितली. मला उत्तर मिळालं, “भाऊ, तुमचा विश्वास थोडा कमी पडतोय.” मी म्हटलं, विश्वास भरपूर आहे, व्हाउचर कमी पडताहेत. त्यानंतर मला कमिटीच्या बैठकीचं बोलावणं उशिरा मिळू लागलं.

पौल यरुशलेमेतल्या गरिबांसाठी मोठी वर्गणी नेत होता. त्याने ती एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेली माणसं बरोबर घेतली. कारण त्यानेच लिहिलं आहे: या रकमेबाबत आमच्यावर कोणी दोष ठेवू नये, म्हणून आम्ही प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही जे योग्य तेच करतो (२ करिंथ ८:२०-२१). ज्याच्या पत्रांवर आपण उपदेश करतो, त्याने स्वतःवर पहारेकरी नेमून घेतले. मग आपले खजिनदार कोण लागून गेले?

शिवाय कायदा आहेच. महाराष्ट्रात नोंदणी झालेला सार्वजनिक न्यास, मग तो देवळाचा असो की चर्चचा, १९५० च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांना बांधील असतो. विश्वस्त बदलले तर फेरफार कळवावा लागतो, हिशोब तपासून घ्यावे लागतात. हे सगळं जगाचं आहे म्हणून झटकणाऱ्यांनी नहेम्याचा पाचवा अध्याय वाचावा. तो १२ वर्षं सुभेदार होता, पण सुभेदाराच्या हक्काचा भत्ता त्याने घेतला नाही. आधीचे सुभेदार लोकांकडून अन्न, द्राक्षारस आणि ४० शेकेल (हेही तेव्हाचं वजन) रुपं घेत. नहेम्याच्या पंक्तीला १५० माणसं असत, रोज एक बैल आणि सहा निवडक मेंढरं लागत. हे सगळे आकडे त्याने स्वतः लिहून ठेवले आहेत. प्रामाणिक माणसाला आकडे लिहायचा संकोच नसतो.

पाळकावर किंवा मंडळीच्या वडीलजनांपैकी कोणावर गंभीर आरोप झाला तर? ‘दोन-तीन साक्षीदारांशिवाय ऐकू नका’ असं म्हटलं आहे.

१ तीमथ्य ५:१९ मध्ये आहे, आणि तो न्याय आहे. कोणाच्याही नुसत्या बोलण्यावरून माणसाला उठवू नये. पण लोक तिथेच थांबतात. पुढचंच वचन म्हणतं, जे पाप करत राहतात त्यांना सर्वांदेखत दोष लाव, म्हणजे बाकीच्यांना भय वाटेल. आणि त्याच्या पुढचं: पक्षपात करू नको. साक्षीदारांचा नियम कान बंद करण्यासाठी नाही, तपास करण्यासाठी आहे.

लैंगिक अत्याचाराचा आरोप असेल तर ही बाब मंडळीत मिटवायची नसते. २ शमुवेल १३ मन घट्ट करून वाचा. दावीदाच्या मुलाने, अम्नोनाने, आजाराचं सोंग घेऊन सावत्र बहीण तामारेला बोलावलं आणि तिच्यावर बलात्कार केला. तिने आधी विनवण्या केल्या, नंतर डोक्यावर राख टाकून घेतली, अंगावरचा पायघोळ झगा फाडला आणि रडत, ओरडत रस्त्याने गेली. तिने लपवलं नाही. लपवलं बाकीच्यांनी. भाऊ अबशालोम म्हणाला, आता गप्प राहा, तो तुझा भाऊ आहे, मनाला लावून घेऊ नको. दावीद राजाला फार राग आला. बस, राग आला. पुढे त्याने काही केलं नाही. दोन वर्षांनी अबशालोमाने अम्नोनाला मारलं, पुढे बापाविरुद्ध बंड केलं, स्वतः मेला. तामार भावाच्या घरी उदास पडून राहिली. त्यानंतर तिचं काय झालं याबद्दल एक ओळही नाही.

‘घरातली गोष्ट घरात’ याचा इतका भीषण हिशोब मी दुसरीकडे वाचलेला नाही. पीडित व्यक्ती अल्पवयीन असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार माहिती असणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. पाळक, शिक्षक, कमिटी सगळे त्यात आले. मुलांसाठी मदतीचा क्रमांक १०९८. आधी फोन, नंतर प्रार्थनासभा.

त्याने पश्चात्ताप केला आहे. क्षमा केली, आता पदावर परत घ्यायचं ना?

जक्कय नावाच्या जकातदाराला विचारा. त्याने येशूला नुसतं ‘चुकलो’ म्हटलं नाही: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट परत (लूक १९:८). चोरलेल्या मेंढराबद्दल चार मेंढरं, हा नियमशास्त्राचा दर. पुढे तो जकातदारांचा प्रमुख राहिला का, याबद्दल लूकला काही लिहावंसं वाटलेलं नाही. आपल्याकडे मात्र पश्चात्तापाच्या तिसऱ्या मिनिटाला खुर्चीची चर्चा सुरू होते.

नाताळला नगरसेवकांना मंचावर बोलवावं का? चौकात मंडळीचे शुभेच्छा-फ्लेक्स लावावेत का?

शुभेच्छा घ्यायला काय हरकत आहे. पण पहिली रांग रिकामी ठेवून म्हाताऱ्यांना मागे उभं करणार असाल तर याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय आधी मंचावरून वाचा.

फ्लेक्सचं म्हणाल तर लूक २२:२५ मला कोणत्याही पुणेरी चौकात आठवतो. येशू म्हणाला, परराष्ट्रीयांचे राजे त्यांच्यावर सत्ता गाजवतात आणि वर ‘परोपकारी’ म्हणवून घेतात. ‘कार्यसम्राट’, ‘विकासपुरुष’, ‘अनाथांचे नाथ’: दोन हजार वर्षांत बदलली आहे ती छपाई. तुम्ही तसे नसावे, असं तो शिष्यांना सांगतो. कधी? शेवटच्या भोजनाच्या वेळी, आपल्यात मोठा कोण यावर ते भांडत होते तेव्हा.

पुण्यात कोणा ख्रिस्ती व्यक्तीने सत्तेला जाब विचारल्याचं उदाहरण आहे का?

पंडिता रमाबाई. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात रँडच्या बंदोबस्ताचा धुमाकूळ चालू होता. सरकारी प्लेग रुग्णालयात स्त्रियांची काय स्थिती आहे, त्या किती असुरक्षित आहेत, हे रमाबाईंनी वर्तमानपत्रात पत्र लिहून मांडलं. सरकार गोऱ्यांचं, ख्रिस्ती म्हणवणारं. रमाबाई स्वतः ख्रिस्ती, आणि त्यांच्या संस्थेला विलायत-अमेरिकेतून मदत येणारी. गप्प राहणं सोयीचं होतं.

आणि फक्त सरकारशीच नाही. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यानंतर तिथल्या धर्मगुरूंनी आणि भगिनींनी त्यांच्या श्रद्धेला वळण लावायचा प्रयत्न केला, तेव्हाही त्यांनी कळवलं की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मी नुकतीच सुटले आहे, तसलंच दुसरं मानेवर घेणार नाही. याच बाईंनी पुढे केडगावला मूळ इब्री आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. आमचं पुण्यातलं ख्रिस्ती समाजजीवन त्यांच्या नावाचा जयजयकार पुष्कळ करतं. पत्रं लिहिण्याची त्यांची सवय मात्र आम्ही उचलली नाही.

मत कोणाला द्यावं?

ते मी सांगणार नाही. मंडळीत कोणी व्यासपीठावरून सांगितलं तर त्याला मीखा ३:११ दाखवा: पुढारी लाच घेऊन न्याय करतात, याजक मोल घेऊन शिकवतात, संदेष्टे पैसे घेऊन भविष्य सांगतात.

संदेष्टे नुसती टीकाच करतात. चांगल्या राजाचं वर्णन कुठे आहे का?

यिर्मया २२. यहोयाकीम राजा मोठ्या खिडक्यांचा, गंधसरूच्या तक्तपोशीचा, हिंगुळाने रंगवलेला वाडा बांधत होता आणि मजुरांना मजुरी देत नव्हता. यिर्मया त्याला विचारतो, गंधसरूत इतरांना मागे टाकलंस म्हणून तू राजा होतोस काय? तुझा बाप खात-पीत नव्हता का? पण तो न्यायाने वागला, दीनदुबळ्यांचा कैवार घेतला आणि त्याचं बरं झालं. बाप म्हणजे योशीया. खाऊनपिऊन सुखी असलेला, मजुरी चुकवणारा नव्हे, देणारा राजा. एवढंच वर्णन आहे.

नाबोथाच्या मळ्याचं पुढे काय झालं?

हा प्रश्न आमच्या गटातल्या एका सातवीतल्या मुलीने विचारला. मोठ्यांपैकी कोणाला सुचला नव्हता. उत्तर २ राजे ९ मध्ये आहे. काही वर्षांनी येहू नावाच्या सेनापतीने बंड केलं. अहाबाचा मुलगा योराम त्याला भेटला तो नेमका नाबोथाच्याच शेतात. येहूने त्याला बाण मारला आणि प्रेत त्याच शेतात टाकायला सांगितलं. तिथे तो देवाचं जुनं वचन उच्चारतो, आणि त्यात पहिल्या गोष्टीत न आलेली एक माहिती आहे: रक्त नाबोथाचं आणि त्याच्या मुलांचंही सांडलं होतं.

म्हणजे वारसही मारले होते. मुलीने विचारलं, मग मळा परत कोणाला दिला? आम्ही पानं उलटून पाहिली. मळा परत दिल्याची नोंद कुठे नाही.